टल्सा साउंडची आपली प्लेलिस्ट: मराठवाड्यातल्या लांब रस्त्यांसाठी आणि संथ दुपारींसाठी

टल्सा साउंडचा मोठा गायक-गिटारवादक जे. जे. केल याचं गाणं पहिल्यांदा लावलं की हात आपोआप आवाज वाढवायला जातो. गायक वाद्यांच्या पुढे उभा नसतो. तो त्यांच्यात मिसळून, किंचित मागेच असतो. यात रेकॉर्डिंगचा काही दोष नाही. केलने स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम केलेलं होतं आणि आपला आवाज किती मागे ठेवायचा हे त्याचं पक्कं ठरलेलं होतं. आवाज न वाढवता दोन-तीन गाणी तशीच ऐकली की कान शब्दांवरून सरकून ठेक्यावर येतो. या संगीतात ऐकण्यासारखं जे आहे त्यातलं बहुतेक तिथेच आहे.

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा हे तेलाच्या पैशावर वाढलेलं शहर, रूट ६६ या महामार्गावरचं. तिथल्या केन्स बॉलरूममध्ये १९३० च्या दशकात बॉब विल्सचा वाद्यवृंद नाचायला आलेल्या लोकांसाठी वेस्टर्न स्विंग वाजवायचा. वेस्टर्न स्विंग म्हणजे कंट्री आणि जॅझची सरमिसळ. पुढच्या पिढीतली पोरं त्याच गावातल्या क्लबांत एका रात्रीत ब्लूज, कंट्री, रॉक अँड रोल असं सगळं वाजवत मोठी झाली. समोर माणसं नाचत असली की वादकाला स्वतःची हुशारी दाखवायला फारशी सवड नसते, ठेका धरून ठेवावा लागतो. टल्सा साउंडची मुळं या सवयीत आहेत. इथे गिटार थोडे सूर लावते आणि थांबते, ड्रम कुठेही उसळत नाहीत, आणि बास सगळ्यांना हळूहळू पुढे नेतो.

मराठवाड्यात हे संगीत विलक्षण शोभतं. आपल्याकडे अंतरं लांब आहेत, काळ्या रानातून जाणारे रस्ते सरळ आहेत, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की दुपारी अख्खं गाव सावलीला थांबतं. अशा वेळी जोराचं रॉक डोक्यात जातं आणि फार गोड संगीताचा कंटाळा येतो. या दोहोंच्या मधलं काहीतरी लागतं.

अ‍ॅपवर तयार ‘चिल रॉक’ याद्या ढिगाने मिळतात. त्या मूडवर बांधलेल्या असतात आणि चौथ्या-पाचव्या गाण्याला भलतीकडेच भरकटतात. माझं सांगणं एवढंच की यादी गायकाच्या नावावर बांधू नका, ड्रम आणि बास वाजवणाऱ्यांच्या नावांवर बांधा. हे कसं करायचं ते आता सविस्तर सांगतो.

सुरुवातीला एकच अल्बम

पहिले काही दिवस प्लेलिस्ट करूच नका. केलचा ‘नॅचरली’ हा पहिला अल्बम घ्या. तो १९७१ साली लिऑन रसेल आणि डेनी कॉर्डेल यांच्या शेल्टर रेकॉर्ड्सने काढला. बारा गाणी, मिळून साधारण ३२ मिनिटं. शोधताना इंग्रजी अक्षरांत दोन्ही ‘जे’ टाका. नुसतं ‘केल’ टाकलं तर जॉन केल समोर येतो. तो न्यूयॉर्कच्या व्हेल्वेट अंडरग्राउंड या रॉक बँडचा, त्याचं संगीत वेगळ्याच जातीचं. आपल्या केलचं नावही जॉनच. हा घोळ होऊ नये म्हणूनच साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या एका क्लबमालकाच्या सांगण्यावरून तो ‘जे. जे.’ झाला.

अल्बम इअरफोनवर ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर निवड करू नका, कारण बास गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो आणि एवढ्याशा स्पीकरमधून तो बाहेरच पडत नाही. जे ऐकूच येत नाही त्यावरून निवड कशी करणार? एकदा फक्त ड्रमकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त बासकडे, तिसऱ्यांदा गिटारी किती आहेत ते शोधा. शब्द सगळ्यात शेवटी.

पहिलंच गाणं ‘कॉल मी द ब्रीझ’. सुरुवातीला जी टकटक ऐकू येते ती ड्रम मशीनची. १९७१ मध्ये रॉकच्या रेकॉर्डवर ड्रम मशीन ही फार नवलाईची गोष्ट होती. केल घरच्या घरी नमुना रेकॉर्डिंग करताना ते वापरायचा आणि त्याचा एकसुरीपणा त्याला चालायचा, कारण त्या स्थिर टकटकीवर गिटार मोकळी डुलू शकते. ‘क्रेझी मामा’मध्येही तेच यंत्र आहे, आणि त्यावर मॅक गेडनची वा-वा पेडलमधून (पायाने दाबून सूर उघडमीट करायचं यंत्र) काढलेली, तारांवर नळी सरकवत वाजवलेली स्लाइड गिटार. हेच गाणं १९७२ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत २२ व्या क्रमांकापर्यंत गेलं. केलच्या आयुष्यातलं हे सगळ्यात वर पोचलेलं गाणं.

आता ठेक्याची गोष्ट, कारण पुढची सगळी निवड यावर उभी आहे. एका मात्रेचे दोन सारखे भाग केले की सरळ चाल होते. तीन भाग करून मधला मोकळा सोडला की शफल होतो, त्याचा झोका आपल्या दादऱ्याच्या जवळ जातो. टल्साचे वादक या दोन्हींच्या मधल्या जागेत वाजवतात. एकाचा हात सरळ चालतो, दुसऱ्याचा झोक्यात, आणि दोघे एकमेकांना अडत नाहीत. गावच्या सप्ताहात तास-तासभर चालणाऱ्या भजनाला जे बसलेत त्यांना हे लगेच उमगेल: टाळकऱ्यांतला एखादा किंचित पुढे, एखादा किंचित मागे, आणि तरी ठेका एकच.

मग एक चाचणी करा. ‘आफ्टर मिडनाइट’ हे केलचंच गाणं. इंग्लंडचा नावाजलेला गिटारवादक एरिक क्लॅप्टन याने १९७० मध्ये ते आपल्या पहिल्या एकल अल्बमवर वेगात, जोशात गायलं आणि ते गाजलं. त्यानंतर केलने ‘नॅचरली’साठी तेच गाणं संथ करून पुन्हा वाजवलं. दोन्ही लागोपाठ ऐका. शब्द तेच, चाल तीच. क्लॅप्टनचं ऐकताना अंग ताठ होतं, केलचं ऐकताना खांदे सैल पडतात. कोणतं गाणं यादीत घ्यायचं आणि कोणतं नाही याचा निवाडा पुढे प्रत्येक वेळी याच फरकावर करायचा आहे.

गाभ्याची गाणी

आठ ते दहा गाणी अशी निवडा की ती कधीच काढावी लागणार नाहीत. बाकीची यादी या गाण्यांच्या शेजारी बसवायची असते, म्हणून इथे घाई नको. माझ्या मते ‘नॅचरली’तली ‘कॉल मी द ब्रीझ’, ‘मॅग्नोलिया’ आणि ‘क्रेझी मामा’ ही तीन हवीतच. ‘मॅग्नोलिया’ इतकं हळू आहे की गाणं थांबतंय की काय असं वाटावं, आणि तरी त्याची लय एकदाही सुटत नाही. हळू वाजवणं वेगात वाजवण्यापेक्षा अवघड असतं हे ज्याला पटत नसेल त्याने हे गाणं ऐकावं.

१९७४ च्या ‘ओकी’मधून ‘केजन मून’, १९७६ च्या ‘ट्रुबॅडोर’मधून ‘ट्रॅव्हलिन लाइट’, १९७९ च्या ‘५’ या अल्बममधून ‘सेन्सिटिव्ह काइंड’. १९८१ चा ‘शेड्स’ आणि १९८२ चा ‘ग्रासहॉपर’ हे अल्बम स्वतः चाळा आणि तुमच्या कानाला आवडेल ते एकेक उचला. एवढ्यावर गाभा पुरेसा होतो. केल २६ जुलै २०१३ रोजी गेला. २०१९ मध्ये त्याच्या जपून ठेवलेल्या रेकॉर्डिंगचा ‘स्टे अराउंड’ हा अल्बम निघाला. तो मात्र सुरुवातीला नको. जुनी गाणी अंगवळणी पडल्यावर तो जास्त भावतो.

केलची गाणी छोटी आहेत, बरीचशी दोन-अडीच ते साडेतीन मिनिटांची. तासाभराला वीसेक गाणी लागतील हे आधीच धरून चाला.

वाजवणाऱ्यांचा माग काढा

या संगीतातली थोडकीच माणसं एकमेकांच्या घरात, गाडीत आणि स्टुडिओत आयुष्यभर राहिली. त्यामुळे एका वादकाचा माग धरला की दहा चांगले अल्बम आपोआप सापडतात. बहुतेक अ‍ॅपमध्ये गाण्याच्या मेन्यूत श्रेयनामावली पाहता येते. तिथे माहिती अपुरी असेल तर डिस्कॉग्ज आणि ऑलम्युझिक या संकेतस्थळांवर जुन्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूचा मजकूर मिळतो.

पहिलं नाव कार्ल रेडल. टल्साचा बासवादक, जन्म १९४२. क्लॅप्टनच्या डेरेक अँड द डॉमिनोज या बँडमध्ये १९७० मध्ये बास त्याचाच. पुढे १९७४ मध्ये क्लॅप्टनने ‘४६१ ओशन बुलेव्हार्ड’ केला तेव्हा रेडलसोबत ड्रमवर जेमी ओल्डेकर आणि कीबोर्डवर डिक सिम्स असे आणखी दोन टल्साकर आले. सत्तरच्या दशकातला क्लॅप्टन आधीच्या क्लॅप्टनपेक्षा एवढा सैल का वाटतो याचं मोठं उत्तर या तिघांत आहे. १९७७ चं ‘ले डाउन सॅली’ लावा आणि गाणाऱ्याकडे दुर्लक्ष करून खालची जोडी ऐका. इंग्लंडचा गिटारवाला टल्साच्या अंगणात बसून वाजवतोय हे स्पष्ट कळतं. ते ज्या अल्बमवर आहे त्या ‘स्लोहँड’वर केलचं ‘कोकेन’ही आहे. ते मी यादीत घेत नाही, कारण क्लॅप्टनच्या हातात त्याचा गिटारचा भाग जड झाला आहे. गाणं हवं असेल तर ‘ट्रुबॅडोर’वरचं मूळ घ्या.

दुसरं नाव लिऑन रसेल. पियानो वाजवणारा, गाणी लिहिणारा, स्टुडिओ चालवणारा. १९७२ मध्ये त्याने टल्सातलं एक जुनं चर्च विकत घेऊन तिथे स्टुडिओ थाटला. त्याचा आवाज अनुनासिक आणि एकदम पुढे येणारा आहे, त्यामुळे त्याची सगळीच गाणी केलच्या शेजारी बसत नाहीत. १९७२ च्या ‘कार्नी’मधलं ‘दिस मास्करेड’ बसतं, आणि फार सुरेख बसतं.

इथे आपल्या ओळखीचा एक धागा येतो. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांची सतार-सरोद-तबल्याची बैठक आपल्या लोकांना आठवते. त्याच मंचावर लिऑन रसेल होता, बासला कार्ल रेडल होता, टल्सात जन्मलेला जिम केल्टनर ड्रमवर होता आणि ओक्लाहोमाचाच जेसी एड डेव्हिस गिटारवर. ही माणसं किती ठिकाणी पोचली होती त्याचा हा एक पुरावा. केल्टनरचं नाव एकदा वहीत लिहून ठेवलं तर पुढची पन्नास वर्षं ते सापडत राहतं.

तिसरा माग मला सगळ्यात प्रिय आहे. नील यंगचा १९७८ चा ‘कम्स अ टाइम’ अल्बम घ्या. बासला टिम ड्रमंड, ड्रमला कार्ल हिमेल, आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवायला खुद्द जे. जे. केल. नील यंगला लोक कॅनडाचा, कॅलिफोर्नियाचा म्हणतात, आणि कुठल्याही तयार यादीत तो केलच्या शेजारी क्वचितच दिसतो. पण हा अल्बम केलच्या गाण्यांमध्ये सोडून पाहा, सांधा कुठे आहे ते कळत नाही. वादकांच्या नावांवर यादी बांधायची ती अशा भेटींसाठी.

शेजार कुठवर

टल्साच्या बाहेरचं किती घ्यायचं हा प्रश्न येतोच. डॉन विल्यम्सचं १९७८ चं ‘टल्सा टाइम’ सरळ कंट्री आहे, पण त्याचा जाड, शांत आवाज आणि न धावणारा ठेका यामुळे ते घरचंच वाटतं. ते डॅनी फ्लॉवर्सने लिहिलं.

डायर स्ट्रेट्स या बँडच्या मार्क नॉफ्लरवर केलची छाप आहे हे त्याचं गिटार ऐकताच समजतं. १९७८ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधलं सगळ्यांना माहीत असलेलं ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ मात्र टाळा. उत्तम गाणं आहे, पण फार पळतं. त्याच अल्बममधलं ‘सिक्स ब्लेड नाइफ’ घ्या. नॉफ्लर तिथे जवळजवळ पुटपुटतो आणि गिटार त्याला उत्तर देते.

लुइझियानाचा टोनी जो व्हाइट थोडा जास्त दमट आणि खर्जातला आहे. यादीत दोन-तीन गाणी पुरतात.

लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकी रॉक बँडने १९७४ मध्ये ‘कॉल मी द ब्रीझ’ वाजवलं ते तिप्पट ताकदीनं. एका यादीत मूळ आणि हे अशी दोन्ही ठेवू नयेत असं सगळे सांगतील. मी ठेवतो, फक्त दोघांमध्ये तासाभराचं अंतर राखून. गाडीत मागे बसलेला कुणीतरी “लावा की भाऊ जरा वाजणारं काहीतरी” म्हणतोच, त्याचीही सोय होते.

स्टीली डॅन, ख्रिस्तोफर क्रॉस, टोटो अशा मंडळींचं संगीतही निवांत समजलं जातं, त्याला पुढे यॉट रॉक हे नाव पडलं. ते मलाही आवडतं. पण ते घासूनपुसून लख्ख केलेलं, जॅझच्या गुंतागुंतीच्या सुरावटींवर उभं असलेलं संगीत आहे. स्टीली डॅनच्या १९७७ च्या ‘एजा’ अल्बमनंतर लगेच ‘मॅग्नोलिया’ लावलं तर केल उगाच कच्चा वाटतो, आणि उलट क्रमाने लावलं तर स्टीली डॅन कोरडे वाटतात. त्यांची यादी वेगळी करा.

मराठी गाणी मिसळावीत का? माझ्या मते नको. आपल्या गाण्यांत शब्द पुढे असतात, आणि ते कानावर पडले की मन अर्थाकडे धावतं. मग ठेक्यावर स्थिरावलेलं लक्ष परत आणायला तीन-चार गाणी जातात.

लय मोजा

कानावर विश्वास ठेवाच, पण एकदा मोजून घ्या. गाण्यावर पायाने ठेका धरा, १५ सेकंदांत किती ठोके पडले ते मोजा आणि चाराने गुणा. एका मिनिटाचे ठोके मिळाले. या यादीसाठी साधारण ८० ते १२० ही पट्टी धरा. काही गाणी अर्ध्या किंवा दुप्पट वेगातही मोजता येतात, म्हणून सगळी गाणी सारख्याच सवयीने मोजा. आकडे वहीत गाण्यापुढे लिहून ठेवा; क्रम लावताना कामाला येतात. पट्टीच्या बाहेरचं एखादं गाणं अगदी आवडलं तर घ्या, पण त्याच्या अलीकडे-पलीकडे मधल्या लयीची गाणी ठेवा.

क्रम लावणं

गाणी गोळा करणं हे निम्मंच काम. क्रम लावायला मी नेहमी एखादा खरा रस्ता डोळ्यांसमोर ठेवतो, कारण नुसत्या कल्पनेत सगळेच क्रम बरे वाटतात. लातूरहून अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत छत्रपती संभाजीनगर हा जवळपास पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता धरा. थांबे धरून पाच-सहा तास. एवढ्या वेळाची यादी करू नका. अडीच-तीन तासांची करा, म्हणजे मध्ये गप्पा, चहा, शांतता यांना जागा राहते.

पहाटे निघालात तर लातूर ते अंबाजोगाई या टप्प्यात सगळ्यात संथ गाणी नकोत, ड्रायव्हरला झोप येते. ‘कॉल मी द ब्रीझ’, ‘ले डाउन सॅली’ अशी चालती गाणी पुढे ठेवा. बालाघाटाच्या डोंगरात रस्ता वळायला लागला, खिडकीतून पाहण्यासारखं काही आलं, की ‘मॅग्नोलिया’सारखी गाणी सोडावीत. मांजरसुंब्याचा घाट उतरताना ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर हवं, तेव्हा आवाज कमी करा. बीडच्या पुढे, शहागडला गोदावरी ओलांडेपर्यंत ऊन चढलेलं असतं आणि सगळे पेंगुळलेले असतात. वेग थोडा वाढवायची जागा ही. स्किनर्ड तिथे लावा.

चार-पाच गाण्यांचा एक गट धरा आणि प्रत्येक गटाच्या शेवटी जरा लांब किंवा फार हळू गाणं ठेवा. ड्रम मशीनची दोन गाणी लागोपाठ ठेवू नका, टकटक बोचायला लागते. केलची तीन गाणी झाली की एक दुसऱ्या आवाजाचं घाला. लागोपाठच्या दोन गाण्यांच्या लयीत दहा-पंधरा ठोक्यांपेक्षा जास्त उडी नको. मोठी उडी घ्यायचीच असेल तर गट संपवून घ्या. आणि एका गाण्याचा शेवट व दुसऱ्याची सुरुवात एवढंच, वीस-वीस सेकंद, लागोपाठ ऐकून पाहा. पूर्ण गाणी ऐकत क्रम लावायला बसलात तर कान थकतो आणि सगळंच गोड लागायला लागतं.

दुपारच्या यादीला हे नियम उलटे होतात. जेवण झाल्यावर, ओसरीवर किंवा खोलीत पडल्या पडल्या ऐकायची यादी चाळीस मिनिटांपेक्षा मोठी नको आणि ती हळूहळू उतरत गेली पाहिजे. शेवटच्या तीन गाण्यांत इलेक्ट्रिक गिटारचा एकही तीक्ष्ण तुकडा नसावा, कारण ज्याला झोप लागायची त्याची लागलेली असते. २००६ मध्ये केल आणि क्लॅप्टन यांनी मिळून ‘द रोड टू एस्कॉन्डिडो’ हा अल्बम केला, त्याला ग्रॅमीही मिळाली. त्यातली मंद गाणी या वेळेला फार चांगली. दोघांचे आवाज इतके जवळ आले आहेत की कोण गातंय ते ओळखण्यातच अर्धी दुपार जाते.

मोबाइलमधली सेटिंग

आपल्या भागात दोन गावांच्या मध्ये रेंज जाते, घाटात तर हमखास, त्यामुळे यादी डाउनलोड करूनच निघा. स्पॉटिफायवर गाणी डाउनलोड करायला पैसे भरून घेतलेली योजना लागते आणि ३० दिवसांतून एकदा तरी मोबाइल इंटरनेटला जोडावा लागतो, नाहीतर उतरवलेली गाणी वाजत नाहीत. जागेचा हिशोब सोपा आहे. ३२० केबीपीएस दर्जाला तासाला साधारण १४४ एमबी, १६० ला ७२, ९६ ला ४३. तीन तासांची यादी ३२० च्या दर्जाला ४३२ एमबीच्या आसपास जाते. हे संगीत वाद्यांच्या बारकाव्यावर चालतं, त्यामुळे जागा असेल तर वरचा दर्जाच घ्या. घरचं वायफाय असताना रात्री डाउनलोडला लावून ठेवा.

अ‍ॅपमधला शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवायची सोय, बंद. इतक्या मेहनतीने लावलेला क्रम मोडू देऊ नका. यादी संपल्यावर अ‍ॅप आपल्या मनाची गाणी सुरू करतं तो ऑटोप्लेही बंद. आवाजाची पातळी सारखी ठेवणारी सोय मात्र चालू ठेवा, कारण १९७१ चं रेकॉर्डिंग आणि २००६ चं रेकॉर्डिंग यांच्या आवाजात बराच फरक असतो आणि दर गाण्याला बटण दाबत बसावं लागतं. गाणी एकमेकांत मिसळवणारा क्रॉसफेड दोन-तीन सेकंदांचा ठेवला तर चालतो. या काळातली बरीच गाणी विरत विरत संपतात, त्यामुळे सांधा जाणवत नाही. त्याहून जास्त नको.

गाणं जोडताना अल्बमचं नाव आणि साल बघा. एकाच गाण्याच्या मूळ, रीमास्टर (जुनं रेकॉर्डिंग नव्याने घासूनपुसून काढलेलं), मैफलीतल्या आणि दुसऱ्याच कुणीतरी नक्कल केलेल्या अशा चार-पाच आवृत्त्या समोर येतात. मैफलीतल्या आवृत्त्यांत टाळ्यांचा गजर मध्येच येतो, म्हणून शक्यतो स्टुडिओतलंच घ्या.

कूलर, गाडी, गच्ची

उन्हाळ्यात घरात कूलरची घरघर असते आणि ती नेमकी खालच्या सुरांत असते. बास तिच्यात बुडतो. आवाज वाढवून उपयोग होत नाही, वरचे सूर टोचतात तेवढे. स्पीकर कूलरपासून लांब, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा. कोपऱ्यात खालचे सूर आपोआप उठून येतात. गाडीत टायरचा आवाजही तसाच खालचा, तिथे बास दोन पायऱ्या वाढवा आणि ट्रेबल तसाच राहू द्या. एसटीत कान पूर्ण बंद करणारे इअरफोन लागतात. मोटारसायकलवर मात्र कानात काहीही घालू नका, मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे.

रात्री गच्चीवर ऐकायचं असेल तर आवाज इतका ठेवा की शेजारच्या गच्चीवर झोपलेल्यांना त्रास होणार नाही. हे संगीत तेवढ्याशा आवाजातही पूर्ण ऐकू येतं, आणि मला तर ते तिथेच सगळ्यात जास्त आवडतं.

छाटणी आणि वही

महिन्याभराने यादी पुन्हा बघा. जे गाणं आलं की तुम्ही पुढे ढकलता ते काढा, कितीही नावाजलेलं असो. नवं घालताना एक घातलं तर एक काढा, नाहीतर सहा महिन्यांत यादीचं गोदाम होतं. मोसमाप्रमाणे दोन-चार गाणी बदला. पावसाळ्यात रान हिरवं झालं की मी नील यंग वाढवतो, मे महिन्यात टोनी जो व्हाइट.

सगळी यादी अ‍ॅपच्या बाहेर, कागदावर किंवा एखाद्या फाइलमध्ये, लिहून ठेवा: गाणं, गाणारा, अल्बम, साल, बास कुणाचा, ड्रम कुणाचे, मिनिटाचे ठोके. हक्कांचे करार बदलले की गाणी अ‍ॅपवरून एका रात्रीत नाहीशी होतात आणि यादीत नुसती करडी ओळ उरते. कुठलं गाणं होतं तेही मग आठवत नाही. वही असली की दुसऱ्या अ‍ॅपवर तीच यादी तासाभरात उभी राहते. बास आणि ड्रमच्या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं की त्या नावाखाली रेघ मारा; पुढच्या महिन्यात त्या वादकाचे अल्बम ऐकायला घ्यायचे.